झोळी बांधायला झाड

मंडळी,

आज आमच्या उसाला तोड आली. बांधावर एकही झाड नाही, म्हणून ऊसतोड टोळीतल्या एका बाईने तान्ह्या पोराला उसाच्याच सावलीत निजवलं. दोन सऱ्या पलीकडे बिबट्याची पिल्लं निघाली. तिने धावत जाऊन पोर उचललं.

पुतण्या म्हणाला, "तात्या, कुणीतरी आणून सोडल्यात ही."

मी म्हणालो, "कुणी न्हाई सोडली रं. डोंगरापासनं वढ्यापतूर झाडी हुती, ती आपुनच काढून ऊस लावला."

"आवं, सरकारी नकाशात ती पड जमीन हाय. जंगल न्हाई."

रात्री बिबटी पिल्लांना शेजारच्या उसात नेईल. उद्या टोळीही तिथेच जाणार आहे. तुमच्या बांधावर झोळी बांधण्यापुरतं तरी झाड उरलंय का?