म्हशीसाठी रंगीत प्रिंटर

राजारामपुरीतल्या दुकानदाराने मला सरळच विचारलं, "पावणं, महिन्याला किती पानं काढतासा?"

साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात जन्मभर लोकांच्या हजेरीतल्या थापा पकडलेला, छप्पन्न वर्षांचा मी, पापणीही न हलवता म्हणालो, "दोनशे तरी होतील."

खरं तर मला एकच पान काढायचं होतं. त्यावर म्हैस होती.

लेक आणि जावई दोघंही बेंगळुरूला नोकरीला. नात दोन वर्षांची झाली तेव्हा तिला सांभाळायला म्हणून बायको तीन महिन्यांसाठी तिकडे गेली. नात आता चार वर्षांची होतेय, पण ते तीन महिने काही संपलेले नाहीत. मी का जात नाही? नोकरी आहे, घर आहे, कुंड्यांना पाणी घालायचं असतं, असं मी सगळ्यांना सांगतो. कुंड्या दोन आहेत.

लेकीच्या घरात नियम आहे : पोरीला मोबाइल, टीव्ही, काही म्हणजे काही दाखवायचं नाही. नियम चांगलाच आहे. फक्त त्या नियमात आजोबाही सापडतो, कारण आजोबा मोबाइलमध्येच राहतो. रविवारी बोलणं होतं ते नुसत्या आवाजावर. गेल्या दिवाळीत सगळे इकडे आले होते तेव्हा मी नातीला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेलं होतं. डोळ्यांदेखत म्हैस पिळून ग्लास हातात देतात, तिथे. म्हैस बघून पोरगी आनंदाने अशी किंचाळली की गवळ्याची धार चुकली. तेव्हापासून फोनवर ती एकच विचारते, "आजोबा, म्हैस?" मी म्हणतो, "आहे." एवढं ऐकलं की पोरगी फोन सोडून पळाली.

म्हणून कारखान्यातून आल्यावर लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरवर माउसने म्हैस काढायला बसू लागलो. पहिली सोफ्यासारखी झाली, दुसरी त्याहून जास्त सोफ्यासारखी. तीन-चार महिन्यांनी म्हैस झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, लेकीने उलट एक अंगठा पाठवला आणि नियमाप्रमाणे म्हैस तिथेच थांबली. म्हणजे कागदच हवा होता. वाढदिवसाआधी तो पोरीच्या हातात पडला पाहिजे, एवढं मी मनाशी धरलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे काढून बघितलं, तर आधार कार्डांच्या रांगेतून माझी म्हैस बाहेर आली ती हिरवी होऊन.

मग पेनड्राइव्ह खिशात टाकून तीन दुकानं हिंडलो. आधी म्हैस काढून दाखवा, मग बोलू, अशी माझी अट. प्रिंटर कसा आहे हे पहिल्या दोन दुकानांत कुणी सांगितलं नाही. म्हशीबद्दल मात्र सगळे बोलले.

"ही मुऱ्हा हाय का पंढरपुरी?" पहिल्या दुकानातल्या बाईंनी विचारलं. "एक शिंग हिकडचं, एक तिकडचं!"

दुसऱ्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून आलेले एक आजोबा कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "सड कुठं हायत हो? दूध कुठनं देणार ही?"

राजारामपुरीचा दुकानदार तिसरा. माझ्याच वयाचा, माझ्याएवढंच पोट. त्याच्याकडच्या एका मशीनवर म्हैस काळी आली, खरी काळीभोर. काळ्या शाईची टाकी वेगळी असली की असं होतं, बाकीचे लाल-निळं-पिवळं मिसळून काळा करतात, असं त्याने समजावलं. मग तो पानांचा प्रश्न आला आणि मी ती थाप मारली.

"दोनशे म्हंजे मग हा शाईचाच घ्या," तो म्हणाला. "कमी काढणार असलासा तर सांगा बरं का, लेझर देतो. त्यात पावडर असती, सहा म्हैनं बंद ठिवला तरी काय होत न्हाय. ह्याला मातर आठवड्याला एक तरी रंगीत पान काढाय लागतंय. न्हायतर शाई वाळती आणि तोंड बंद हुतंय."

मला ते लगेच पटलं. शनिवारी दुपारी घरी आलो की सोमवारी सकाळी दूधवाल्याने हाक मारेपर्यंत, रविवारचा तो फोन सोडला, तर मी कुणाशी बोलत नाही. सोमवारचा पहिला शब्द घासून निघतो, कधी निघतच नाही. खरं बोलून लेझर घ्यायला हवा होता. पण आठवड्यातून एकदा घरात कुणीतरी आपली वाट बघणार, हे काही मला वाईट वाटलं नाही. शाईचाच घेतला.

खोकं रिक्षातून घरी आणलं आणि बायकोला फोन केला.

"अहो, पूजा केल्याशिवाय चालू करू नका. हळदीकुंकू देवाच्या कपाटात आहे."

कपाटात डबे अकरा निघाले. परत फोन करून विचारायची लाज वाटली. या घरात मी तीस वर्षं राहतोय. हाताला लागली ती जोतिबाहून आणलेली गुलालाची पुडी. आता जोतिबाचा गुलाल काय कुणी चिमटीने लावतं? मी नारळ फोडला, "चांगभलं" म्हणालो आणि मूठभर उधळला. कागद घालायची मागची फट उघडी आहे, हे माझ्या ध्यानात नव्हतं.

पहिलं पान आलं. म्हैस काळीभोर, आणि शेपटीपासून शिंगापर्यंत एक गुलाबी पट्टा. दुसरं पान तसंच. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "गुलाल? दसऱ्यापासनं तुम्ही तिसरं. आणून द्या, आठ दिवस तरी लागतील खोलून साफ कराय." वाढदिवस सहा दिवसांवर. त्यातल्या त्यात कमी गुलाबी पान निवडलं आणि कुरिअरने धाडलं.

वाढदिवसाला फोन केला तेव्हा पलीकडे रडारड चालली होती. गुलाल नातीच्या बोटांना लागला होता, तिथून फ्रॉकला, तिथून सोफ्याला. लेक ओला रुमाल घेऊन मागे लागली होती. बायको फोनवर हसत होती, "अहो, मशीनवर गुलाल उधळलात? तुम्ही म्हणजे खरंच..." आणि मागून पोरीचा आवाज, "म्हैस नको पुसू! आजोबांनी लावलंय!"

मी बायकोला विचारलं, "कधी येतेस?"

"हिला शाळेत जरा रुळू दे. मग बघू," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात प्रिंटर दुकानात नेला. दुकानदाराने तो साफ केला आणि चाचणीचं पान काढलं. त्या पानावर मशीनने आजवर किती पानं काढली तो आकडा छापून येतो, हे मला माहीत नव्हतं. त्याने वाचला. अकरा.

"पावणं, दोनशे म्हणलतासा न्हवं?"

मी खिशातून पेनड्राइव्ह काढून काउंटरवरच्या काचेवर ठेवला. त्याने तो लावून म्हैस काढली. "पट्टा गेला बघा," तो म्हणाला. "आणि शिंगं सुधारलासा की. येत जावा पानं काढायच्या निमतानं. हितं एकटाच असतोय मी दुपारचा."

पान खरंच स्वच्छ होतं. प्रिंटरसकट घरी आलो आणि ते टेबलावर ठेवून बराच वेळ बघत बसलो. मग कपाटातून पुडी काढली, म्हशीच्या कपाळावर बोटाने टिळा लावला आणि कागद पाकिटात घातला. तेव्हापासून आठवड्याला एक पान जातं.

गुलाल बोटावरून लवकर निघत नाही. संध्याकाळी चहाच्या कपाला तो लागलेला दिसला. कप एकच होता. धुवायचा राहू दिला.