गेटाला बांधलेलं फडकं

या, अशा जवळ सरका बायांनो. दारात काय टेकता परक्यासारखं? मागल्या संक्रांतीला "येतो काकू पुन्हा" म्हणून गेलात, त्या आज उगवलात. येतो म्हणून टाकायचं अन् यायचं नाही! पण मी कोणत्या तोंडानं रागावू? अजून जवळ या. हे मोठ्यानं सांगण्यासारखं नाही.

ती पायरीच्या खालीच उभी राहायची. वर ये म्हटलं तरी यायची नाही, आणि आम्ही दुसऱ्यांदा म्हणत नव्हतो. पदराला हात पुसून म्हणायची, "काकू, खरं सांगा. न्हाई म्हणा, राग न्हाई."

भोकरदनला आमच्या गल्लीजवळच्या शाळेत ती खिचडी शिजवायची. एकटीच्या जिवावर घर. तिच्या मनात आलं, गल्लीतल्या सुना नोकरीवाल्या, भाकरी कुणाला थापता येत नाही; आपण रोज सकाळी गरम भाकरी घरपोच विकावी. पण त्यासाठी शाळेतलं काम सोडावं लागणार होतं, आणि ते एकदा सुटलं की परत मिळणार नव्हतं. त्या कामावर दहा जणी टपलेल्या. म्हणून ती आधी घरोघर विचारत फिरली.

दारात आलेल्या बाईला तोंडावर नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. मी म्हटलं, "घेऊ की! बिलकुल घेऊ. आमच्या चार धर." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्या सहा." मास्तरीणबाईंनी तर बजावलं, "पातळ थाप हं, अन् कडा फाटू देऊ नको." कुणाला तीळ लावलेली पाहिजे, कुणाला चुलीवरचीच. घ्यायची नव्हतीच, तर नखरे करायला काय जातंय? ती बिचारी प्रत्येकीचं पुटपुटत पाठ करायची.

तरी तिचा भरवसा बसेना. हुशार होती. जुनं पिवळं लुगडं फाडून तिनं नऊ घरांत नऊ फडकी दिली. "आठ दिवस फुकट खाऊन बघा. आवडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं गेटाला बांधा. न्हाई बांधलं तर मी समजून घेईन. तोंडानं सांगायचं कामच न्हाई."

आठही दिवस नऊच्या नऊ गेटांवर पिवळी फडकी. सगळ्यांत आधी माझं. न बांधून वाईटपणा कोण घेणार?

आणि भाकरी? आता लपवू कशाला. तिच्या घरचं आम्ही खात नव्हतो. तिच्याच हातची खिचडी आमची नातवंडं शाळेत खायची, ते चालायचं. ती कोपऱ्यावरून वळली की आम्ही भाकऱ्या गायीला घालायचो. एक तांबडी, मोकाट गाय. चार दिवसांत इतकी सरावली की बराबर वेळेवर गेटासमोर हजर! आम्ही हसून हसून बेजार. वहिनी म्हणायच्या, "काकू, हिच्याबी गळ्यात एक फडकं बांधा!"

"कशी झाल्ती भाकरी?" ती विचारायची.

"तुकडासुद्धा उरला न्हाई बाई," मी सांगायची. ते काही खोटं नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी ती पायरीखाली आली. "काकू, काम सोडते म्हणून हेडमास्तरला सांगाया चालले. अजून येळ हाय. न्हाई म्हणा, राग न्हाई."

एक शब्द म्हणायचा होता बायांनो, एकच. मी म्हटलं, "जा बिनघोर."

दुसऱ्या दिवशी ती विकायची भाकरी घेऊन आली, डोक्यावर टोपलं भरलेलं. गल्लीत एकाही गेटाला फडकं नव्हतं. आमच्या फडक्यानं मुलगा मोटारसायकल पुसत होता. मी सुनेला म्हटलं, "मी देवळात गेले म्हण," अन् खिडकीच्या पडद्याआड उभी राहिले. चपला मात्र दारातच राहिल्या.

ती चपलांकडं बघून म्हणाली, "चपला ठिवून गेल्या का? बरं केलं. देवाकडं अनवाणीच जावं."

ती वळली, तर समोर गाय. तिनं टोपलं खाली ठेवलं तोच गायीनं सरळ आत तोंड घातलं. हिनं आधी हाकललं. मग थांबली. गायीकडं बघितलं, एकेका गेटाकडं बघितलं. नऊच्या नऊ. अन् तिथंच रस्त्यावर बसली. एकेक भाकरी मोडून गायीला घातली, शेवटची संपेपर्यंत. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "खरं गिऱ्हाईक तर तूच निघालीस गं माय."

तीळ लावलेल्या वेगळ्या बांधून आणल्या होत्या तिनं. त्याही घातल्या.

शाळेत त्याच दुपारी दुसरी बाई खिचडी ढवळत होती. महिन्याभरानं हिच्या दाराला कुलूप लागलं. कुणी म्हणतं पिंपळगाव रेणुकाईला भावाकडं गेली, कुणी म्हणतं शहागडला ढाब्यावर ट्रकवाल्यांना भाकऱ्या थापून देते. मी काही शोधायला गेले नाही.

आता माझं मनगट धरलंय. सुनेची भाकरी तव्यावर जाईपर्यंत मोडते. परवा तेच फडकं सापडलं, तेलाचे डाग पडलेलं. धुतलं आणि सकाळी गेटाला बांधलं. वहिनींनी विचारलं, "काकू, वाळत घातलं का?" मी हो म्हटलं.

गाय मात्र येऊन उभी राहिली. म्हातारी झाली आता, पण तिच्या बराबर ध्यानात आहे.

निघालात? चहा तरी घ्यायचा होता. आता लवकर या बायांनो, घर खायला उठतं. अन् येणार नसाल, तर आत्ताच न्हाई म्हणा. राग न्हाई.