मिराबाईचा उलटा हात

आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवते ती मिराबाई. अंगानं काडी, पण आवाज पार वेशीपर्यंत जाणारा. लेकरं ताटली घेऊन रांगेत आली की आधी ती उलटा हात लेकराच्या गळ्याला लावून पाहते अन् मगच वाढते. गळा गरम लागला की झालं, त्या लेकराच्या मायीचा उद्धार सुरू.

तिचं बराबर हाये, पण जरा आमचं बी ऐका ना. सध्या सोयाबीनच्या कापणीचे, सोंगणीचे दिवस. आमी बाया टोळी करून ठरीव पैशावर, गुत्त्यानं वावर घेतो. एक जरी घरी बसली तर तिच्या वाटणीचं काम बाकीच्यांच्या कमरेवर येतं. म्हणून लेकरू सकाळी कणकणलं की आमी चहासंगं तापाची गोळी देतो. अंग थंड पडतं, लेकरू दप्तर घेऊन जातं. गोळी उतरते दुपारी, ऐन खिचडीच्या वक्ताला. तवा माय वावरात अन् घराला कुलूप.

काल माझ्या पोराचं, वैजूचं तसंच झालं. मिराबाईनं त्याला खिचडीच्या खोलीत तांदळाच्या रिकाम्या पोत्यावर निजवलं. संध्याकाळी मी विळा घेऊन येत होते, तर तिनं भर रस्त्यात धरलं.

"काहून वं कोमल, लेकरू जड झालं का तुला? बाकीच्या लेकरायला बी ताप लावतीस काय?"

टोळीतल्या समद्या बाया ऐकत होत्या. असा राग आला मला! पण तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं, म्हणून खाली मान घालून घरची वाट धरली.

आज सकाळी वैजूचं अंग पुन्हा तापलं. हातात घेतलेली गोळी मी तशीच ठेवून दिली. टोळीची मुकादमीण रुख्मिणीबाई, तिला जाऊन सांगितलं, आज जमत न्हाई.

"आजचा दिस चालवून घेते," ती म्हणाली. "उद्या न्हाई आलीस तर तुझ्या जागी दुसरी बाई घेईन. मग हंगाम गेला समज."

पाणी आणायला शाळेमागच्या हापशीवर गेले. तर मिराबाई मागच्या दारानं खिचडीच्या खोलीत शिरून राहिली, पदराखाली नात. पोरगा अन् सून पुण्याकडं कामाला, म्हणून नात हिच्यापाशीच. पोरीनं आजीच्या खांद्यावर मान टाकलेली, डोळे लाल झालेले. मला पाहून मिराबाई जागीच थांबली.

"गोळी दिली हाये सकाळी," ती हळूच म्हणाली. "मी घरी बसले तर चूल कोण पेटवंल? शाळा उपाशी ऱ्हाईल."

कालचं तिचंच बोलणं माझ्या जिभेवर आलं होतं. द्यावं का तोंडावर फेकून? पण खरं सांगू, भांडायला अंगात जीव तर पायजे.

"आणा इकडं तिला," मी म्हणलं. "मी घरीच हाये आज."

दोघा लेकरांना एकाच वाकळेवर निजवलं, कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या बदलत बसले. शाळेतली भांडी घासून दुपारी मिराबाई आली, डब्यात पातळ खिचडी घेऊन. तिनं उलटा हात नातीच्या गळ्याला लावला, मग वैजूच्या. ताप उतरत होता. मी डबा घ्यायला वाकले, तर तोच हात माझ्या गळ्याला.

"अगं माय! तूच भाजून राहिलीस की!"

"असू द्या मावशी. उद्या सोंगणीला जायचंच हाये. सकाळी गोळी घेईन."

मला वाटलं, आता हिचं तोंड सुटतंय. पण न्हाई. तिनं दोघा लेकरांच्या कपाळावरच्या घड्या सारख्या केल्या.

"उद्या दोघायला पोत्यावर निजवते," ती म्हणाली. "तू जा."

मग तिनं पदराची गाठ सोडून गोळ्यांची पट्टी काढली. एक गोळी माझ्या हातावर ठेवली अन् दुसरी आपल्या तोंडात टाकली.