दापोड्याच्या गोदामातलं कापड

वडप्याच्या फाट्यावर एसटीतून उतरले, तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं. नाशिकहून सकाळी निघालेली गाडी शहापूरच्या पुढे ट्रकांच्या रांगेत अडकली ती अडकलीच. खिडकीतून दिसायचा तो फक्त पुढच्या ट्रकचा फाळका. उतरल्यावर रस्ता ओलांडायला जागा नाही, उभं राहायला सावली नाही, आणि ज्या रिक्षावाल्याला दापोडे म्हटलं, त्याने मला आधी वरून खाली बघितलं.

"दापोड्यात गोडाऊन हायत फक्त. तुमाला कंच्या कंपनीत जायचंय?"

"चित्रं काढायला चाललेय," मी म्हटलं. त्याने पुढे काही विचारलं नाही. पैसे मात्र कंपनीवाल्यांच्या दराने घेतले.

मी जलरंगात काम करते. गोदावरीचा घाट, दगडी पायऱ्या, वाळत घातलेली धुणी, सकाळचं ऊन. वीस-पंचवीस वर्षं हेच. निम्म्या नाशिकच्या हॉटेलांत माझे घाट टांगलेले आहेत. गेल्या वर्षी एका लॉबीत उभी असताना समोरचं चित्र मी कधी काढलं, हे मला काही केल्या आठवेना. तेव्हा ठरवलं, आता हे बंद. म्हणून शिबिराचं बोलावणं आल्यावर लगेच हो म्हटलं. मोजके चित्रकार, दापोड्यातलं एक नवं, अजून भाड्याने न गेलेलं गोदाम, आणि एकच अट: आजवर जे केलं नाही ते करायचं.

भिवंडी बाजूला ठेवून रिक्षा दापोड्याकडे वळली, तसे दोन्ही बाजूंना पत्र्यांचे अवाढव्य डबे सुरू झाले. एकाला लागून एक. मधेच भाताच्या खुंटांचा एखादा तुकडा, त्यात एक बगळा, की पुन्हा पत्रा. आमचं गोदाम आत शिरल्यावर एवढं मोठं वाटलं, की खोकले तरी आवाज परत यायचा.

शिबिराचा संयोजक ऋषभ नावाचा तिशीतला मुंबईकर होता. हुशार, गोड बोलणारा. पहिल्या बैठकीत त्याने प्रत्येकाला काहीतरी सोडायला लावलं. मला म्हणाला, "ताई, पाणी सोडा. ब्रश सोडा. इथला आवाज पकडा." एका शिल्पकाराला माती सोडायला सांगितली. मग तो शेवटच्या खुर्चीकडे वळला. तिथे पस्तिशीची एक बाई वही मांडीवर घेऊन बसली होती. मनीषा तरे, इथल्याच शाळेत चित्रकला शिकवते. गोदामाचे मालक दामूशेठ हे तिचे चुलत सासरे. त्यांनी जागा फुकट दिली होती आणि देताना एवढंच म्हटलं होतं, "आमची सूनबाय पन काडते चित्रं. तिला बी घ्या."

"मनीषाजी, तुम्ही काही सोडू नका," ऋषभ म्हणाला. "तुमचं वारली करा. तेच ऑथेंटिक आहे."

"मी आगरी हाय, सर," ती म्हणाली. "वारली मी पुस्तकातून शिकले, शाळेच्या भिंती रंगवायला. ती वारल्यांची चित्रं हायत, माझी न्हाय."

"म्हणजे लोकलच ना," ऋषभ हसला आणि पुढच्या मुद्द्याकडे गेला. बाकीचेही हसले. तिने वही मिटली. माझ्या कानशिलात काहीतरी टणकन वाजलं, पण पहिलाच दिवस होता.

दुसऱ्या दिवशी मनीषा मला स्कूटरवर बसवून यंत्रमागांच्या नारपोलीला घेऊन गेली. मला आवाज पकडायचा होता आणि तिला हवं होतं ग्रे (मागावरून निघालेलं, न धुतलेलं कच्चं कापड). गल्लीत शिरतानाच जमीन थरथरत होती. लूमच्या शेडमध्ये मी भिंतीला पाठ लावून कागद धरला आणि कोळशाने आवाजाच्या तालावर रेघा ओढायला लागले. थोड्याच वेळात कागदावर, केसांत, नाकात कापसाची बारीक लव बसली. डोकं दुखायला लागलं. शेजारच्या लूमवरचा विणकर मिस्कील नजरेने बघत होता.

"मॅडम, आवाज का फोटो निकाल रही हो?" त्याने ओरडून विचारलं.

"कोशिश है," मी ओरडले.

"हमको भेजना मत. हम तो घर जाके भी सुनते हैं."

मी कागद गुंडाळला. बाहेर मनीषा कापडाचा तागा स्कूटरच्या पुढे आडवा घालून माझी वाट बघत होती. "जमलं का?" तिने विचारलं. "अजिबात नाही," मी म्हटलं. ती पहिल्यांदा मोकळेपणाने हसली.

दुपारी तिच्या घरी जेवलो. तांदळाची भाकरी, सुकट, कैरी घातलेली आमटी. दोन दिवस शिबिराचे थंडगार सँडविच खाल्ल्यावर हे जेवण म्हणजे फारच होतं. जेवताना तिने सांगितलं, आता गोदाम उभं आहे तिथे त्यांचंच भाताचं शेत होतं. लग्न होऊन आली तेव्हा तिथे ती आवणाला (भाताची लावणी करायला) उतरायची.

"जमीन गेली म्हणून रडगाणं न्हाय माझं," ती म्हणाली. "शेजारचं गोडाऊन बी आमच्याच शेतात हाय, त्याच्या भाड्यावरच माझ्या पोरींची शाळा चालते. पन ते बांद हायत ना, कुठून कुठं जात होते, ते सगळे मला पाठ हायत. ते मला काढायचेत. आजवर गणपतीचे पडदे केले, लग्नाचे मंडप केले, शाळेच्या भिंती केल्या. सगळं दुसऱ्यांनी सांगितलेलं. आता एकदा मला वाटतं ते."

नंतर तिने जे केलं ते मी जवळून पाहिलं, म्हणून सविस्तर सांगते. आमच्या शेजारच्या गोदामात माल चढत-उतरत असे आणि सगळे ट्रक आमच्याच फाटकातून जात. मनीषाने ग्रेचा तो लांबच लांब पट्टा फाटकात जमिनीवर पसरला, कडांना विटा ठेवल्या आणि बाजूला उभी राहिली. पहिला ट्रक आला तो थांबला. ड्रायव्हर खाली उतरला.

"कपडा है, भाभी. खराब हो जाएगा."

"व्हायलाच पायजे," ती म्हणाली. "जा, सरळ जा."

त्याने मान हलवली आणि ट्रक वरून नेला. दिवसभर ट्रक गेले. संध्याकाळी कापडावर चाकांच्या नक्षीचे काळे पट्टे एकमेकांवर चढले होते. ते कापड तिने आत नेलं आणि गुडघ्यांवर बसून पुढचे दोन दिवस काम केलं. चुना पातळ करून, त्यात निळीचा अंश घालून, त्या काळ्या पट्ट्यांमधून तिने बांध ओढले. कुठे रुंद, कुठे पायवाटेएवढे, एका जागी एकदम वळलेला. मधे मधे पाणी साठावं तशी रिकामी जागा. काही ठिकाणी चुना चाकाच्या ठशात उतरून कोरडा पडला होता आणि त्याला भेगा गेल्या होत्या. दुरून बघितलं की शेत दिसे, जवळ गेलं की ट्रक. मी बराच वेळ त्यासमोर उभी होते. आम्हा सगळ्यांत खरोखर नवीन काही कोणाला सापडलं असेल, तर ते तिला. माझ्या आवाजाच्या रेघा तिच्यापुढे अभ्यासाच्या वहीतल्या वाटत होत्या, आणि ते मला मान्य होतं.

शेवटच्या दिवशी मुंबईहून पाहुणे येणार होते. मी लवकर पोचले. माझ्या रेघा मधोमध, दिव्याखाली. आदल्या संध्याकाळी टांगलेलं मनीषाचं कापड भिंतीवर नव्हतं. ते गुंडाळून कोपऱ्यात, खोक्यांच्या मागे उभं केलं होतं. त्याच्या जागी गेरूच्या रंगाचा एक बोर्ड होता, त्यावर पांढरी वारली माणसं फेर धरून नाचत होती. खाली पट्टी: 'मनीषा तरे, पारंपरिक'. शाळेच्या संमेलनासाठी तिने तो केला होता. ऋषभने दामूशेठना घरी पाठवून आणवला होता आणि त्यांनी बिचाऱ्यांनी पुसून, चकाचक करून आणला होता.

मी ऋषभला गाठलं.

"तिचं कापड का उतरवलंत?"

"ताई, समजून घ्या," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही घाट सोडले हे धाडस आहे, कारण लोकांना तुमचे घाट माहीत आहेत. तिने काय सोडलं, कोणाला माहीत आहे? लोकांना ते नुसतं मळकं कापड वाटेल. मी तिला वाचवतोय."

"तिने जे सोडलं तेच तिच्या नावाने लटकवलंय तुम्ही," मी म्हटलं. माझा आवाज त्या रिकाम्या गोदामात फिरून परत आला. "आम्ही बदलायचं आणि तिने होती तिथेच राहायचं? तेही जे तिचं नाही, तिथे? हे शिबिर कोणाच्या वाढीसाठी होतं?"

"तुम्ही इमोशनल होताय."

मी स्टूल ओढलं आणि माझं चित्र उतरवायला चढले. तेवढ्यात मागून आवाज आला, "उमाताई, खाली उतरा."

मनीषा दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं, बहुधा ऐकलंही होतं.

"तुमचं खाली काढून माझं वर जातंय का?" ती म्हणाली. आवाजात माझ्याबद्दलही राग होता, आणि तो मला लागला. "राहू द्या तुमचं. मला भिंत पायजे होती. माझ्यासाठी कोणी आपली भिंत रिकामी करावी, असं न्हाय."

मी उतरले. तिने वारलीचा बोर्ड काढला, तोंड भिंतीकडे करून ठेवला, कोपऱ्यातलं कापड खांद्यावर घेतलं आणि फाटकात नेऊन होतं तिथेच पसरलं. कडांना विटा ठेवल्या.

पाहुण्यांची पहिली गाडी आली आणि कापडापाशी थांबली. मागे दुसरी, तिसरी. हॉर्न वाजले. ऋषभ धावत बाहेर गेला. दामूशेठ त्याच्या मागे, धोतराचा सोगा सावरत.

"सूनबाय, पावन्यांसमोर हे काय?" ते हळूच म्हणाले.

"काका, मी याच्यासाठीच आले होते," ती म्हणाली.

पाहुणे उतरले. कापडाच्या कडेने फिरले, वाकून बघू लागले, फोन काढून फोटो घेऊ लागले. एका बाईंनी विचारलं, "व्हेरी स्ट्राँग. ही कोणाची कल्पना?" आणि ऋषभने क्षणही न घालवता उत्तर दिलं, "आम्ही मुद्दामच प्रवेशद्वारात ठेवलंय. जमीन आणि वाहतूक यांचं नातं."

त्या क्षणी मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. आपण खोटं बोलतच नाही, अशा थाटात खोटं बोलणारी माणसं मला कायम जड जातात. पण मनीषाने मला मधे पडू दिलं नाही. ती त्या बाईंकडे वळून सरळ म्हणाली, "न्हाय मॅडम. यांनी हे गुंडाळून खोक्यामागं ठेवलं होतं. कल्पना माझी, कापड माझं, शेत आमचं होतं. मी आत्ता आणून टाकलंय."

बाईंनी फोन खाली घेतला. ऋषभ हसत राहिला, ते हसू मात्र कुठे ठेवावं हे त्याला कळेना. मागच्या गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, तसे दामूशेठ पुढे झाले आणि त्याला ओरडून म्हणाले, "कापडावरून न्हाय. बाजूनं घे. कुंपन काडतो मी." आणि त्यांनी खरोखरच तारेचं कुंपण एका बाजूने सोडवून गाड्यांना वाट करून दिली.

म्हणून सगळं ठीक झालं, असं समजू नका. पाहुणे आत गेले, त्यांनी माझ्या रेघांचं खूप कौतुक केलं. मनीषाशी फारसं कोणी बोललं नाही; लोकांना संकोच झाला असावा. पुढे शिबिराची पुस्तिका निघाली, त्यात तिच्या नावाखाली वारलीच्या बोर्डाचाच फोटो आहे. मी पत्र लिहून माझी पानं काढून टाकायला सांगितली. पुस्तिका छापून झाली होती.

परतताना मनीषाने मला वडप्यापर्यंत सोडलं. गाडीची वाट बघत आम्ही रसवंतीत बसलो.

"त्या वारलीच्या बोर्डाचं काय करणार?" मी विचारलं.

"शाळेत न्हेऊन लावते. पोरांना आवडतो. आणि खाली लिहिते, ही चित्रं कोणाची, त्यांचं गाव कुठं." तिने ग्लास ठेवला. "काकांनी गोडाऊनची मागची खोली दिलीय मला. भाडेकरू येईपर्यंत. म्हनाले, कुलूप तुझं."

गाडी आली. कसारा घाट चढेपर्यंत माझा राग जराही उतरला नाही, आणि उतरावा असंही मला वाटलं नाही. आम्ही चित्रकार नवं करायचं म्हणून घराबाहेर पडतो, दुसऱ्याच्या गावात जाऊन आपले हात मोकळे करतो, आणि त्या गावातल्या माणसाने मात्र आमच्यासाठी ओळखीचं, टिकलेलं, फोटोत शोभणारं राहावं अशी अपेक्षा धरतो. नवं करायची मुभा प्रवासाच्या तिकिटासोबत मिळते, अशी काहीतरी आमची समजूत आहे.

काही महिन्यांनी ऋषभचा फोन आला. पुढचं शिबिर खानदेशात, एका केळीच्या पट्ट्यातल्या गावी. मी यावं, आणि तिथला एखादा स्थानिक कलाकार माहीत असेल तर सुचवावा.

"मनीषा तरेला बोलवा," मी म्हटलं. "तिथे ती बाहेरची असेल. तिला हवं ते करू द्यावं लागेल तुम्हाला."

"बघतो," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं, आधी बघा, मग मला विचारा. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.