अर्थाला गुण नसतात

थायलंडमधल्या त्रांगच्या बाजारात आईच्या भाजलेल्या डुकराच्या दुकानात बसणारी रत्तिकान शाळेपासून इंग्रजी शब्द घोकत आली होती. अर्थ नव्हे, नुसते शब्द. अक्षरांच्या सोंगट्या पाटावर जोडून शब्द मांडायच्या खेळात तिकडची भलीभली मुलं अशीच तयार होतात. तिचे विरोत सर म्हणायचे, "अर्थाला गुण नसतात, स्पेलिंगला असतात." हजारो अवघड शब्द तिला तोंडपाठ होते, पण गोरं गिऱ्हाईक दिसलं की ती आईला पुढे करायची.

हात याई शहरातल्या स्पर्धेत तिच्यासमोर ॲलन नावाचे न्यूझीलंडचे म्हातारे गृहस्थ आले. डाव अटीतटीचा होता. रत्तिकानने पाटावरच्या एका अक्षराला आपल्या सातही सोंगट्या जोडल्या आणि 'बिरीव्ड' मांडला. गुणांचा पाऊस पडला. ॲलन मात्र शब्दाकडे बघतच राहिले. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि खेळ पुरा केला. ती जिंकली.

बाहेर येताच तिने मैत्रीण सुनिसाला गाठलं. सुनिसा इंग्रजी शिकलेली होती.

"बिरीव्ड म्हणजे काय गं?"

"जवळचं माणूस मरून मागे एकटा राहिलेला." सुनिसाने वळून आत पाहिलं. "तू ॲलनसमोर मांडलास? त्यांची बायको मार्चमध्ये गेली. दरवर्षी दोघं मिळून यायचे."

रत्तिकान परत आत गेली. हात जोडून वाकली आणि "सॉरी" एवढंच म्हणाली. ॲलन हसले. शब्द चांगला होता, असं ते हळू, सोप्या इंग्रजीत म्हणाले.

त्या दिवसापासून ती शब्दाबरोबर अर्थही पाठ करू लागली. वेग मंदावला. पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या संघात तिचं नाव आलं नाही. विरोत सर चिडले. "डोकं कशाने भरतेयस?"

"कळत नाही ते किती दिवस मांडू, सर?"

महिन्याभराने मात्र शाळेच्या खेळ-मंडळातल्या मुली सरांनीच तिच्याकडे अर्थ शिकायला पाठवल्या.

आता मांस तोडता तोडता ती आईलाही शब्द सांगते. परवा 'लुगुब्रिअस' निघाला.

"म्हणजे?"

"उगीच सुतकी चेहरा करून बसणारा."

"तुझा मामाच की," आई म्हणाली आणि सुरी पुसून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.