काशीत सोडलेलं

वाराणसीच्या इस्पितळात माझ्या वडिलांच्या शेजारच्या खाटेवर ते होते, संकठा घाटाजवळचे मराठी गुरुजी. नाव विचारायचं राहूनच गेलं. कॅन्सर झाला म्हणून त्यांचं एक मूत्रपिंड आणि त्याची मूत्रनळी काढली होती. रोग पुढे पसरलाय का ते पाहायला आसपासच्या लसिकाग्रंथीही काढल्या होत्या. त्यांचा रिपोर्ट यायचा होता. तोवर गुरुजी एका हाताने पोटावरचे टाके सांभाळून दुसऱ्या हाताने बोलत.

"ताई, काशीत आलं की आवडती एक गोष्ट कायमची सोडायची असते. जन्मभर यजमानांना हेच सांगितलं. लबाड सगळे, कारलं सोडून जातात."

"आणि तुम्ही काय सोडलंत?"

"कारलंच." हसताना टाके ओढले गेले.

रिपोर्ट आला त्या सकाळी तो बोलका हात पांघरुणाखाली गेला. डॉक्टर म्हणाले, "पंडितजी, सब नोड साफ निकले. बीमारी उनमें नहीं पहुँची."

 गुरुजींचा हात हळूच बाहेर आला.

"म्हणजे चांगल्या होत्या त्या ग्रंथी," ते म्हणाले. "बघा ताई, सत्तर वर्षं काशीत राहून पहिल्यांदाच काहीतरी चांगलं सोडलं."