पंचवीस मिनिटांचं झाकण

आमच्या हट्टा गावात गेल्या साली एक कुजबुज फार चवीनं चघळली गेली : उकंडरावाच्या शिवकन्येला दर पंचवीस मिनिटांनी कुणाचा तरी मिसकॉल येतो. एकदा वाजतो, बंद होतो, आणि पोरगी उठून अंगणात येरझाऱ्या घालते, तेही गालात हसत. आता एवढा वक्तशीर आशिक आमच्या भागात आला कुठून, हे कुणी विचारलं नाही. इथं एसटीसुद्धा वेळेवर येत नाही.

शिवकन्या वसमतच्या कॉलेजात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. फार हुशार नव्हे, पण चिकट. घरी हळद शिजवायचा कुकर. लहानपणापासून बापाचं एकच ऐकत आलेली : "वाफ धरली की झाकणाला हात लावायचा न्हाई. मधीच उघडलं तं हळद कच्ची ऱ्हाते." पोरीनं तेच अभ्यासाला लावलं. पंचवीस मिनिटं बंद, पाच मिनिटं उघडं. मधे आईनं, पार्वतीबाईंनी, हाक मारली की आतून उत्तर यायचं, "आई, झाकण लागलंय." पार्वतीबाई म्हणायच्या, "सासरी बी असंच सांगजो, बाई."

फोन जवळ असला की हात वळवळतो, म्हणून तो ती कोमलकडं द्यायची. कोमल शेजारची, तिच्याच वर्गातली, पहिलीपासूनची मैत्रीण. गजर कोमलनं लावायचा. तो वाजला की शिवकन्या पाय मोकळे करायला अंगणात, आणि कोमल रील बघत ओट्यावर. तिथूनच ती चिडवायची, "शिजली का गं केमिस्ट्री?" शिवकन्या हसायची ती त्याला.

कोमलचं स्वतःचं झाकण मात्र कधी लागलंच नाही. असाइनमेंट द्यायच्या आठवड्यात तिनं शिवकन्येची फाइल "नुसती पाहायला" नेली. ती दिसली एकदम मॅडमच्या टेबलावर. अक्षर शिवकन्येचं, वरच्या पानावर नाव कोमलचं. मॅडम घरी गेलेल्या.

परतीच्या बसमध्ये शिवकन्येनं विचारलं, "काहून केलंस?"

"तुला काय, तू दोन दिवसात परत लिहिशील. माझ्यानं व्हतं का ते?"

"मी उद्या मॅडमला सांगून देते."

कोमल उठून दारापाशी गेली, गाव आलं तशी आधी उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडरावानं पोरीचा फोन आणि बसचा पास आपल्या खिशात घातला. दारात बायाबापड्या जमल्या. आम्हीही होतो, खोटं कशाला बोला.

"कोनाचा फोन येतो?"

"फोन न्हाई बाबा, गजर हाय. कोमललाच इचारा, तीच लावते."

कोमलला बोलावलं. तिनं ओढणी सारखी केली आणि शिवकन्येकडं न बघता म्हणाली, "मला न्हाई म्हाईत, काका. मी तं आपला अभ्यास करत ऱ्हाते."

शिवकन्या रडली नाही. कोमलच्या तोंडाकडं बघत राहिली. बापानं दोनदा हाक मारली, तरी बघतच राहिली.

तीन आठवडे फोन उकंडरावाच्या खिशात होता. एकही मिसकॉल आला नाही, तेव्हा कुठं पास परत मिळाला. तोवर असाइनमेंटची तारीख उलटून गेली होती. त्या फाइलीवर कोमलला दहापैकी नऊ पडले, शिवकन्येला शून्य. आता ती अभ्यासाला बसते ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून, दाराला कडी लावून.

मिसकॉल कधीच नव्हता. मिसकॉलची ती खोटी गोष्ट कोमलनंच बसमधून उतरल्यावर, त्याच संध्याकाळी, पार्वतीबाईंना सांगितली होती.